विश्लेषण : लुई पाश्चर आणि श्वानदंशाची लस… पाळीव कुत्र्याच्या वार्षिक इंजेक्शनामागचा इतिहास काय?

मेहकर तालुक्यात कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पिके राखणारा तो शेतावरचा राखणदार आहे. गावात तो अंगणात असतो, मुलांबरोबर खेळतो आणि घरातल्यांच्या हातून भाकरी खातो. या प्राण्याला होणाऱ्या आजारांपैकी बहुतेक त्याच्यापुरतेच मर्यादित राहतात. एक आजार मात्र कुत्र्याकडून थेट माणसाकडे येतो आणि लक्षणे दिसल्यानंतर जवळजवळ कुणालाच सोडत नाही. तो म्हणजे रेबीज, अर्थात पिसाळणे. या आजारावर पहिली लस शोधणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. त्यांच्या स्मृतिदिनीच जगभर रेबीज दिन पाळला जातो. डॉक्टर नसलेला, पशुवैद्यही नसलेला एक रसायनशास्त्रज्ञ या लशीपर्यंत कसा पोहोचला आणि त्याचा आजच्या पशुपालकाशी काय संबंध, याचा हा आढावा.

पाश्चर यांचा या आजाराशी संबंध कधी आला?

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. पुढे कुटुंब आर्ब्वा या छोट्या गावात स्थायिक झाले. १८३१ मध्ये पाश्चर आठ वर्षांचे असताना या परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी चाव्यावर एकच इलाज होता. लोहाराच्या भट्टीत लाल केलेली सळई जखमेवर टेकवायची. गावातल्या लोहाराकडे हे डागणे चालू असल्याचे त्या मुलाने पाहिले. चावलेल्यांपैकी काही जण तरीही दगावले.

पुढे पाश्चर रसायनशास्त्र शिकले. स्फटिक, आंबवण्याची क्रिया, दूध आणि वाइन नासण्याची कारणे या विषयांवर त्यांनी काम केले. पदार्थ आपोआप नासत नाही, त्यात बाहेरून आलेले सूक्ष्म जीव वाढतात म्हणून तो नासतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. ठरावीक तापमानाला तापवून दूध टिकवण्याची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नासणे जंतूंमुळे होत असेल, तर आजारही जंतूंमुळे होत असतील का, हा प्रश्न यातूनच पुढे आला.

याच काळात त्यांच्या घरावर संकटे कोसळत होती. पाच अपत्यांपैकी तीन मुली लहान वयातच गेल्या, त्यातल्या दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू कायमची दुबळी झाली. त्यानंतरचे बारीक हातकाम त्यांना सहकाऱ्यांवर सोपवावे लागले. त्यांचे सर्वात गाजलेले काम मात्र या आजारपणानंतरचे आहे.

माणसाच्या आधी प्राण्यांवर काम का?

पाश्चर यांचा रोगांचा अभ्यास सुरू झाला तो रेशमाच्या किड्यांपासून. १८६५ मध्ये दक्षिण फ्रान्समधला रेशीम व्यवसाय किड्यांच्या आजाराने बुडत चालला होता. पाच वर्षे खपून पाश्चर यांनी रोगट पतंगांची अंडी सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने वेगळी काढण्याची पद्धत बसवली.

त्यानंतर कोंबड्यांचा कॉलरा आला. १८७९ च्या सुमारास या रोगाच्या जंतूंचे जुने झालेले मिश्रण टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत. पुढे त्यांना ताजे, तीव्र जंतू टोचले तरी त्या टिकल्या. दुर्बल झालेला जंतू शरीराला रोगाशी लढायला शिकवतो, हे सूत्र इथे हाती आले. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस माणसाला टोचली होती, पण ती निसर्गात मिळालेली होती. लस प्रयोगशाळेत तयार करता येते, हे पाश्चर यांच्या कामाने दाखवले.

तिसरा टप्पा मेंढ्या आणि गुरांमधील फाशी रोगाचा. मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावी शेतकरी, पशुवैद्य आणि पत्रकारांसमोर जाहीर प्रयोग झाला. काही मेंढ्या-गुरांना दोनदा लस दिली, तितक्याच मेंढ्यांना दिली नाही. ३१ मे रोजी सर्वांना तीव्र जंतू टोचले. २ जूनला लोक पुन्हा जमले तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि लस न दिलेल्या बहुतेक मरून पडल्या होत्या. पशुधनाच्या लसीकरणाचा पाया इथे घातला गेला. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांच्या ज्या लसी आज गावोगावी गुरांना टोचल्या जातात, त्या याच वाटेने आल्या.

रेबीजची लस कशी तयार झाली?

रेबीजमध्ये अडचण वेगळी होती. या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हता. तो विषाणू असतो आणि त्या काळच्या भिंगांनी दिसण्याइतका मोठा नसतो, हे नंतर कळले. काचपात्रात तो वाढतही नव्हता. इथे एका पशुवैद्याचे काम उपयोगी पडले. लिऑनच्या पशुवैद्यकीय शाळेतील प्राध्यापक पिएर-व्हिक्टर गाल्तिए यांनी १८७९ मध्ये रेबीज सशात उतरवता येतो, हे दाखवून दिले होते. पिसाळलेल्या कुत्र्यापेक्षा ससा हाताळणे कितीतरी सुरक्षित होते.

पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी जंतू काचपात्राऐवजी सशाच्या मेंदूत वाढवला. एका सशातून दुसऱ्यात असे अनेकदा केल्यावर रोग ठरावीक दिवसांत दिसू लागला. मग मेलेल्या सशाचा मज्जारज्जू काढून कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला. तो जसजसा वाळत जाई, तसतशी त्याची तीव्रता कमी होई. सुमारे दोन आठवड्यांत तो निरुपद्रवी होत असे. सुरुवातीला सर्वात जुना, मग रोज थोडा ताजा, असे करत शेवटी तीव्र मज्जारज्जू टोचायचा, अशी ही पद्धत होती.

तिच्यामागचा विचार साधा होता. रेबीजचा विषाणू रक्तातून नव्हे, तर नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. चावा आणि लक्षणे यांच्यात साधारण एक ते तीन महिने जातात. लस त्या आधी प्रतिकारशक्ती तयार करू शकली, तर चाव्यानंतरही जीव वाचू शकतो. इतर लसी रोगाच्या आधी द्याव्या लागतात. रेबीजमध्ये मात्र चाव्यानंतरही एक संधी मिळते.

६ जुलै १८८५ रोजी काय घडले?

आल्सास प्रांतातील जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ४ जुलै रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने १४ ठिकाणी चावे घेतले. जखमा कार्बोलिक आम्लाने धुतल्या गेल्या, पण त्याही बारा तासांनंतर. आई त्याला घेऊन पॅरिसला आली. पाश्चर यांची पद्धत तोवर मुख्यतः कुत्र्यांवर तपासली जात होती. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, माणसाला सुई टोचण्याचा अधिकार नव्हता. त्यांनी व्हुल्पियाँ आणि ग्राँशे या दोन डॉक्टरांना बोलावले. मुलाच्या जखमा पाहून दोघांचे मत पडले की काहीच केले नाही तर मृत्यू जवळपास ठरलेला आहे. ६ जुलैच्या संध्याकाळी ग्राँशे यांनी पहिले इंजेक्शन दिले. पुढच्या दहा दिवसांत एकूण १३ इंजेक्शने झाली. शेवटचे सर्वात तीव्र होते. पाश्चर त्या काळात नीट झोपूही शकले नाहीत. मुलगा वाचला आणि मोठेपणी पाश्चर संस्थेतच द्वारपाल म्हणून नोकरीला लागला.

ऑक्टोबर १८८५ मध्ये जाँ-बाप्तिस्त ज्युपिय हा १५ वर्षांचा मेंढपाळ मुलगा आला. इतर मुलांना वाचवण्यासाठी तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजला होता. उपचार चाव्यानंतर सहा दिवसांनी सुरू झाले, तरी तो वाचला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईझ पेल्तिए या दहा वर्षांच्या मुलीला आणले गेले. चावा डोक्याला होता आणि ३७ दिवस उलटून गेले होते. उशीर झाला आहे हे पाश्चर यांना दिसत होते. पालकांच्या विनवणीपुढे त्यांनी उपचार केले, पण ती मुलगी गेली. तिच्या अखेरच्या काळात ते तिच्या खाटेशी बसून होते.

या दोन मुलांची उदाहरणे आजही शिकवण देतात. चावा मेंदूच्या किती जवळ आहे आणि उपचाराला किती दिवस लागले, यावर सारे अवलंबून असते. मार्च १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्क भागातून लांडग्याने चावलेले १९ जण पॅरिसला पोहोचले. इतक्या लांबून, इतक्या उशिरा येऊनही त्यातले १६ जण वाचले.

पाश्चर यांच्यावर टीका का झाली?

टीका तेव्हाही झाली आणि नंतरही. फ्रेंच वैद्यकीय अकादमीतील मिशेल पेतेर यांच्यासारख्या डॉक्टरांचा आक्षेप होता की पिसाळलेले कुत्रे चावलेल्या प्रत्येकाला रेबीज होत नाही. मग वाचलेला माणूस लशीमुळेच वाचला, हे कसे सिद्ध होते? हा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर मिळाले ते आकड्यांतून. १ मार्च १८८६ पर्यंत उपचार घेतलेल्या ३५० जणांपैकी फक्त एकाचा मृत्यू झाला होता. ब्रिटनने नेमलेल्या समितीनेही १८८७ मध्ये पद्धतीच्या बाजूने कौल दिला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाश्चर यांच्या खासगी नोंदवह्या अनेक दशके बंद राहिल्या. त्या अभ्यासकांना खुल्या झाल्यावर अमेरिकी इतिहासकार जेराल्ड गाइसन यांनी १९९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुई-ल-फोर येथे वापरलेली लस पाश्चर यांनी सूचित केलेल्या प्राणवायूच्या पद्धतीने नव्हे, तर सहकारी शांबरलाँ यांच्या रासायनिक पद्धतीने तयार झाली होती. माइस्टरवर वापरलेल्या नेमक्या क्रमाचे कुत्र्यांवरील प्रयोगही तोवर पूर्ण झालेले नव्हते. त्याआधी दोन रुग्णांवर इंजेक्शने दिली गेली होती, ही बाबही जाहीर झाली नव्हती. रू हे स्वतः डॉक्टर होते, पण त्यांना इतक्या लवकर माणसावर प्रयोग करणे मान्य नव्हते. आजच्या नियमांत असा प्रयोग बसला नसता. यातून लशीचे यश खोटे ठरत नाही. मात्र त्या मुलाच्या जिवावर किती मोठी जोखीम घेतली गेली, हे स्पष्ट होते.

लोकांचा कौल मात्र ठाम होता. जगभरातून वर्गणी आली आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले. पाश्चर यांचे पार्थिव आज याच संस्थेच्या तळघरातील समाधीत आहे.

ही लस महाराष्ट्रात कशी पोहोचली?

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मुंबईला पाश्चर यांच्या कितीतरी आधीपासून छळत होता. १८३२ मध्ये इंग्रज प्रशासनाने कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाजाच्या पुढाकाराने शहरात दंगल उसळली. दोन वर्षांनी मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले. प्लेगवर लस शोधल्यावर त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. तीच आजची हाफकिन संस्था. पुढे तिथे रेबीजची लसही तयार होऊ लागली. १९०० मध्ये कसौली आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. त्या सुरुवातीच्या काळात वऱ्हाडातल्या माणसाला उपचार हवे असतील तर हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जावे लागे. मेहकरला रेल्वे आजही नाही. तेव्हा बैलगाडीने अकोला किंवा मलकापूर गाठून पुढे कित्येक तासांचा प्रवास करायचा होता. त्यात जाणारा प्रत्येक दिवस विषाणूच्या बाजूने जात असे.

कसौलीचे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात टोचल्या जाणाऱ्या १४ इंजेक्शनांची आठवण जुन्या पिढीला आहे, ती याच लशीची. तिचे दुष्परिणाम होत असल्याने सुमारे वीस वर्षांपूर्वी ती बंद झाली. आजची लस पेशींवर वाढवून मारलेल्या विषाणूपासून बनते आणि दंडात घेतली जाते. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

चावा झाल्यास काय करावे?

सर्वप्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून सलग १५ मिनिटे धुवावी. विषाणूच्या भोवती चरबीचे आवरण असते, ते साबणाने फुटते. नंतर पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक लावावे. चुना, मिरची, हळद, तेल लावू नये आणि डागू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. दंडाच्या त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी मात्रा असतात. कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा जखमेला अथवा तोंडाला जनावराची लाळ लागली असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लशीची प्रतिकारशक्ती तयार होईपर्यंत ते जखमेतच विषाणूला अडवते. मधली मात्रा चुकवू नये.

चावणारे कुत्रे किंवा मांजर ओळखीचे असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. दहाव्या दिवशीही ते ठणठणीत असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे मानले जाते. मात्र हे पाहण्यासाठी लस थांबवून ठेवायची नसते. लस घेत घेत लक्ष ठेवायचे असते.

गुरांच्या बाबतीत एक धोका हमखास दुर्लक्षित राहतो. पिसाळलेल्या गाय-बैलाच्या तोंडातून लाळ गळते आणि त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल असे समजून शेतकरी तोंडात हात घालतो. असे कधीही करू नये. जनावर अचानक हंबरत राहिले, अंगावर धावून आले, लाळ गाळू लागले तर त्याला वेगळे बांधून पशुवैद्यकाला बोलवावे. कुत्रे चावलेल्या गुरालाही लस देता येते, पण ती लगेच द्यावी लागते.

पशुपालकाने घरी काय सांभाळावे?

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस द्यावी. पुढची मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि नंतर दरवर्षी. तारीख एका कार्डावर लिहून ठेवावी. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण झाले तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगभरात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात आणि बहुतेकांना हा रोग कुत्र्याकडूनच आलेला असतो. म्हणूनच शेतावर मोकळा हिंडणारा राखणदारही यातून सुटता कामा नये.

कुत्र्यांमधले पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन आजार लशीनेच टळतात. त्यांच्या लसीत दुर्बल केलेले विषाणू असतात, म्हणजे पाश्चर यांचेच सूत्र. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली मात्रा आणि १६ आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा दिल्या जातात. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली तर तो पार्व्हो असू शकतो. दोन-तीन दिवसांत पाणी कमी होऊन पिल्लू दगावते, त्यामुळे त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोळे-नाकातून चिकट पाणी, ताप आणि नंतर झटके ही डिस्टेंपरची चिन्हे आहेत.

गोचीड ही वऱ्हाडातली नेहमीची डोकेदुखी. अंगावर गोचीड, सुस्ती आणि पांढरट पडलेल्या हिरड्या दिसल्या तर रक्ततपासणी करून घ्यावी. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. पिल्लांना जंतांचे औषध लवकर सुरू करावे लागते, मोठ्या कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी. उन्हाळ्यात सावली आणि पाणी दिवसभर हवे. घरातल्या गोळ्या जनावराला देऊ नयेत. मांजरासाठी पॅरासिटामॉल जीवघेणे ठरते. चॉकलेट, कांदा आणि मनुका कुत्र्याला चालत नाहीत.

या सगळ्यात रेबीज वेगळा का? पार्व्होत पिल्लू जाते, पण घरातले सुरक्षित राहतात. रेबीजमध्ये कुत्र्याची चुकलेली एक लस घरातल्या लहान मुलापर्यंत पोहोचू शकते. माइस्टरच्या आईला पॅरिस गाठावे लागले आणि तिथे न संपलेल्या प्रयोगावर मुलाचा जीव सोपवावा लागला. आज मेहकरच्या पालकाला तशी जोखीम घ्यावी लागत नाही. तपासलेली, सुरक्षित लस तालुक्याच्या गावात आहे. कुत्र्याला ती वेळेवर टोचणे आणि चावा झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठणे, एवढे मात्र त्याच्याच हातात आहे.